घटक ४ : बालकाची भाषा आणि बहुभाषिक कुटुंब
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• बालकाच्या भाषासंपादनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• 'बाळबोली' आणि 'बालभाषा' या संकल्पनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• लहान मुलांच्या तथाकथित चुकांमागील व्याकरणिक नियम ओळखता येतील.
• बहुभाषिक कुटुंबातील भाषाव्यवहाराची नोंद व विश्लेषण करता येईल.
• घरात कोणती भाषा बोलावी, या प्रश्नाकडे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण स्वनिम, रूपिम आणि वाक्यरचना यांचा परिचय करून घेतला. या संकल्पना आपण वयाच्या विसाव्या, तिसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी, काही प्रयासाने, शिकत आहात. मात्र ज्या व्यवस्थेला या संकल्पना लागू पडतात, ती व्यवस्था आपण प्रत्येकाने वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंतच आत्मसात केलेली असते, तीही पाठ्यपुस्तकाशिवाय, परीक्षेशिवाय आणि बहुतांशी कोणी न शिकवता. हे कसे घडते, हा भाषाविज्ञानातील अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आपल्यापैकी अनेकजण आई-वडील आहेत, काही आजी-आजोबाही असतील. रात्री मूल झोपल्यावर हा घटक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाची सामग्री शोधण्यास दूर जावे लागत नाही. ती त्याच्या घरात आहे. म्हणून या घटकात मुंबईच्या ईशान्येस, मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील घरे आपण अभ्यासक्षेत्र म्हणून घेतली आहेत. येथील घराघरांत एकाहून अधिक भाषा नांदतात. तेथे वाढणारे मूल गोंधळून जाते की समृद्ध होते, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ परिसराची भाषिक घडण

कोणत्याही मुलाची भाषा समजून घेण्यापूर्वी त्याच्या भोवतीची भाषा समजून घ्यावी लागते.

उल्हासनगरचा उगम १९४७ च्या फाळणीत आहे. सिंध प्रांत संपूर्णपणे पाकिस्तानात गेल्याने तेथून आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. आजही येथील पत्ते 'कॅम्प १' ते 'कॅम्प ५' असे सांगितले जातात. सिंधी भाषेला स्वतःचे राज्य नाही. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. ती भारतात अरबी-सिंधी आणि देवनागरी अशा दोन लिपींत लिहिली जाते.

अंबरनाथ हे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेख असलेल्या शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे प्राचीन, तर आयुध निर्माणी, आगपेट्यांचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे आधुनिक शहर आहे. कारखान्यांबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या भाषाही आल्या.

बदलापूर-कुळगाव परिसरात आगरी, कुणबी, ठाकर व कातकरी समाजांच्या बोली पूर्वीपासून आहेत. मुंबईतील घरांच्या किमती परवडेनाशा झाल्यावर असंख्य नोकरदार कुटुंबे येथे स्थायिक झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. त्याच वर्षी अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार, तर उल्हासनगरची सुमारे ५ लाख ६ हजार होती.

फाळणी, कारखाना आणि लोकलगाडी या तीन कारणांनी या तीन शहरांतील घरे बहुभाषिक झाली आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

४.२.२ भाषासंपादनाचे टप्पे

जगातील कोणत्याही भाषेत वाढणारे मूल साधारणपणे पुढील क्रमाने भाषा आत्मसात करते. वयोमर्यादा सरासरीच्या आहेत, त्यात मुलागणिक काही महिन्यांचा फरक पडतो.

(१) कूजन (सुमारे २ ते ४ महिने) : 'आऽ', 'ऊऽ', 'अग्गू' यांसारखे सुखावलेले ध्वनी.
(२) बडबड (सुमारे ६ महिन्यांपासून) : 'बाबाबा', 'दादादा', 'मामामा' अशी व्यंजन-स्वरांची आवृत्ती. यात अर्थ नसतो, परंतु ध्वनींचा सराव असतो.
(३) एकशब्दी टप्पा (सुमारे १२ महिन्यांपासून) : एक शब्द पूर्ण वाक्याचे काम करतो. 'भुर्र' या एका शब्दाचा अर्थ 'मला बाहेर ने', 'बाबा बाहेर गेले' किंवा 'ते बघ पाखरू' असा काहीही असू शकतो.
(४) द्विशब्दी टप्पा (सुमारे १८ ते २४ महिने) : 'बाबा ऑफिस', 'अजून दुदू', 'माऊ नाही'. येथे शब्दक्रम आणि संबंध दिसू लागतात.
(५) प्रत्ययांचा टप्पा (सुमारे २ वर्षांपासून पुढे) : लिंग, वचन, विभक्ती आणि काळ यांचे प्रत्यय भाषेत उतरू लागतात.

मूल बोलण्याआधी कितीतरी ऐकत असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, इंग्रजीभाषक घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतील फरक ऐकू येतो, पण वर्षाच्या सुमारास तो ऐकू येईनासा होतो. जे ध्वनी सभोवार वापरले जातात त्यांच्याकडे कान वळतो, जे वापरले जात नाहीत त्यांची दखल घेणे सुटते.

या निष्कर्षाचा उल्हासनगरशी निकटचा संबंध आहे. सिंधीत ॻ, ॼ, ॾ, ॿ हे चार अंतःस्फोटक व्यंजनध्वनी आहेत. ते उच्चारताना हवा किंचित आत ओढली जाते. प्रमाण मराठीत व हिंदीत हे ध्वनी नाहीत. सिंधीत 'बारु' म्हणजे ओझे आणि 'ॿारु' म्हणजे मूल. या एका ध्वनीने अर्थ बदलतो, म्हणून ब आणि ॿ हे तेथे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत. वडिलांच्या आईला सिंधीत 'ॾाॾी' म्हणतात. आज तिसऱ्या-चौथ्या पिढीतील अनेक सिंधी घरांत मुलांशी हिंदीत बोलले जाते आणि नातवंडे तिला 'दादी' म्हणतात. नाते तेच राहिले, पण ज्या ध्वनीने ते नाते उच्चारले जात होते तो ध्वनी नातवंडाच्या कानावरून नाहीसा झाला. भाषाऱ्हास हा शब्द आपण मोठ्या अर्थाने वापरतो. त्याचा आरंभ मात्र असा, पाळण्याजवळ होत असतो.

४.२.३ बाळबोली

मोठी माणसे लहान मुलांशी बोलताना भाषेचे जे विशेष रूप वापरतात त्याला 'बाळबोली' म्हणावे. मूल स्वतः जी भाषा वापरते ती 'बालभाषा'. या दोहोंत गल्लत करू नये.

या विषयात मराठीला मानाचे स्थान आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील बाळबोलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी डॉ. अशोक रा. केळकर (१९२९-२०१४) यांचा केवळ मराठी बाळबोलीवरील संशोधनलेख 'वर्ड' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रकाशित झाला. आजी नातवाला भरवताना जे बोलते ते गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठी बाळबोलीची काही वैशिष्ट्ये अशी :

(अ) द्विरुक्ती : मंमं, भूभू, जोजो, दुदू, गाई-गाई.
(आ) ध्वन्यनुकारी शब्द : हम्मा, माऊ, काऊ, चिऊ, भुर्र. आवाजावरून प्राण्याचे नाव ठेवले जाते.
(इ) ओष्ठ्य ध्वनींचे प्राचुर्य : प, ब, भ, म हे ओठांनी उच्चारले जाणारे ध्वनी मुलाला लवकर साधतात. रोमान याकबसन यांनी १९४१ च्या ग्रंथात ध्वनी आत्मसात होण्याच्या अशा क्रमाची मांडणी केली. मराठीतील 'आई' या शब्दात तर एकही व्यंजन नाही.
(ई) नात्यांचा विस्तार : चिऊताई, चांदोमामा. निसर्गातील वस्तूही घरातल्या होतात.
(उ) विशेष अर्थ : 'पापा' म्हणजे मुका, 'बाऊ' म्हणजे लागलेली जागा. प्रौढांच्या आपापसातील बोलण्यात हे शब्द सहसा येत नाहीत.

बाळबोलीमुळे मूल बोबडे राहते, असा एक समज आहे. त्याला आधार नाही. लांबवलेले स्वर, चढ-उतार आणि पुनरावृत्ती यांमुळे मुलाचे लक्ष भाषेकडे वेधले जाते. मूल मोठे होते तशी मोठी माणसेही नकळत ही बोली सोडून देतात.

४.२.४ चुकांमागील नियम

अडीच-तीन वर्षांचे मूल 'मी करलं', 'बाबा येला', 'घोडाला पाणी दे' असे बोलते. घरात कोणीही असे बोलत नाही. मग मुलाने हे कोठून ऐकले? त्याने ते ऐकलेले नाही, तयार केले आहे. 'बस-बसला', 'पड-पडला' यांवरून त्याने भूतकाळाचा नियम शोधला आणि 'ये' या धातूला लावला. प्रौढ मराठीत येथे 'आला' हे अनियमित रूप आहे. 'माऊला', 'बाबाला' यांवरून त्याने 'घोडाला' केले. 'घोडा'चे सामान्यरूप 'घोड्या' होते, हा पुढील नियम त्याला अद्याप गवसायचा आहे. नियम जेथे लागू नाही तेथेही लावणे यास 'अतिसामान्यीकरण' म्हणतात. ही चूक प्रगतीची खूण आहे, कारण केवळ अनुकरण करणाऱ्याच्या हातून ती होत नाही.

जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून, त्यास 'वग' हे निरर्थक नाव देऊन, त्याचे अनेकवचन विचारले. कधीही न ऐकलेल्या शब्दाला मुलांनी योग्य प्रत्यय लावला. हा प्रयोग मराठीत आपणही करू शकता. कागदावर एक काल्पनिक प्राणी काढा आणि म्हणा, 'हा एक टिगा. आता दोन झाले. हे दोन...?' मूल 'टिगे' म्हणाले, तर 'आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते' हा नियम त्याच्याजवळ आहे. पुढे 'खाऊ कोणाला देऊ?' असे विचारा. उत्तर 'टिगाला' येते की 'टिग्याला', यावरून त्याला सामान्यरूप साधले आहे का, हे कळेल.

ळ हा ध्वनी बहुधा उशिरा साधतो, म्हणून 'बाळ'चे 'बाल' किंवा 'बाय' होते. मात्र येथे सावधगिरी हवी. आगरी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' सर्रास येतो. आगरी घरातील मूल 'पानी' म्हणते तेव्हा ते चुकत नाही, आपल्या आजीची भाषा अचूक बोलत असते. बोलीचे वैशिष्ट्य आणि वयानुरूप अपूर्णता यांत फरक न करणारा शिक्षक त्या मुलावर अन्याय करतो.

४.२.५ बहुभाषिक घरातील एक दिवस

विवेचनासाठी बदलापूरमधील एक नमुना घर कल्पू या. वडील पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास एका बाजूस सुमारे दीड तासाचा. आई अंबरनाथला नोकरी करते. साडेतीन वर्षांचा मुलगा सकाळी आजीजवळ, दुपारी पाळणाघरात आणि दोन तास बालवर्गात असतो. भाषाव्यवहार असा :

आई-वडील : प्रमाण मराठी, अधूनमधून इंग्रजी शब्द.
आजी : सातारकडील बोली.
पाळणाघरातील मावशी : आगरी.
शेजारचे मित्र व दूरचित्रवाणीवरील कार्टून : हिंदी.
बालवर्ग : इंग्रजी.

हा मुलगा जिन्यात घसरून पडतो आणि आईला सांगतो, 'मी गिरलो!' घरातले हसतात, कोणी 'भाषेची खिचडी झाली' म्हणून काळजी करते. आपण विश्लेषण करू. 'गिर' हा धातू हिंदी आहे. 'लो' हा प्रत्यय मराठी आहे आणि तो प्रथम पुरुष, एकवचन, पुल्लिंग असा तिन्ही अंगांनी अचूक आहे. मुलाने शब्दसंग्रहातून एक शब्द उसना घेतला, व्याकरण मराठीचेच ठेवले. त्यास 'भाषामिश्रण' म्हणतात आणि त्यालाही नियम असतात. हाच मुलगा मावशीकडे 'पानी' आणि आईकडे 'पाणी' मागत असेल, तर कोणाशी कोणती भाषा, हेही तो शिकला आहे. यास 'भाषापालट' म्हणतात.

हिंदीच्या सततच्या सहवासाने काही मराठी भेद मात्र पुसट होऊ शकतात. मराठीत ऐकणाऱ्यासह 'आपण' आणि ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' असा भेद आहे. हिंदीत दोन्हींसाठी 'हम' चालते. 'आई, आम्ही बागेत जाऊ या ना' असे मूल म्हणते तेव्हा आईला नकळत बाहेर ठेवते. तसेच 'चमचा' या शब्दाच्या अखेरचा च दंततालव्य आणि 'चमचे' मधील तालव्य, हा फरक हिंदी अधिक ऐकणाऱ्या मुलाकडून सुटतो. यावर टोकणे हा उपाय नव्हे. 'हो, आपण जाऊ या' असे योग्य रूप सहज उत्तरातून ऐकवणे पुरेसे असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न - १
(अ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. बाळबोली म्हणजे मुलाने स्वतः वापरलेली भाषा.
२. 'बाबा येला' हे अतिसामान्यीकरणाचे उदाहरण आहे.
३. सिंधीत ब आणि ॿ हे स्वतंत्र स्वनिम आहेत.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. मराठी बाळबोलीवर १९६४ मध्ये संशोधनलेख लिहिणारे भाषाशास्त्रज्ञ कोण?
२. 'मी गिरलो' या वाक्यातील धातू व प्रत्यय कोणत्या भाषेचे आहेत?

४.२.६ 'घरीही तीच भाषा बोला' : एका सल्ल्याची चिकित्सा

प्रस्तुत लेखिकेचा मुलगा तीन वर्षांचा असताना बालवर्गातून निरोप आला की, मूल वर्गात बोलत नाही, तेव्हा घरीही इंग्रजीतच बोलावे. घरात भाषाविज्ञानाची पदवी असूनही आम्ही तो सल्ला मानला. मुलाचे नुकसान होईल ही भीती विद्येपेक्षा प्रबळ ठरली. परिणाम दोन झाले. ज्या भाषेत आम्हाला रागावता येत नव्हते, समजूत घालता येत नव्हती, त्या भाषेत आमची वाक्ये आखूड झाली : 'कम', 'सिट', 'ईट'. आणि रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या माझ्या सासूबाई, आपल्यामुळे नातवाचे बिघडू नये म्हणून, गप्प बसू लागल्या. काही आठवड्यांनी मुलानेच एका रात्री त्यांचा पदर धरून विचारले, 'आजी, तू माझ्याशी कट्टी आहेस?' त्या रात्री गोष्ट पुन्हा सुरू झाली. वर्गात तो पुढे यथावकाश बोलू लागला.

एका घराचा अनुभव हा पुरावा होत नाही, तथापि तो योग्य प्रश्न विचारायला लावतो. भाषासंपादनाला आवश्यक असते ती मुलाला उद्देशून केलेली, विपुल, अर्थपूर्ण आणि आपुलकीची भाषा. जी भाषा आई-वडिलांना सहज येते, तीतच असे बोलणे शक्य होते. एका भाषेत पक्के झालेले आकलन, कथनाची सवय आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची तरतूद आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा माध्यम असावी, असे म्हटले आहे. इंग्रजी शिकू नये, असा याचा अर्थ नाही. तिच्यासाठी घरची भाषा बंद करण्याची गरज नाही, एवढाच अर्थ आहे.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. 'घरात फार भाषा आहेत, म्हणून उशिरा बोलतोय' असे म्हणून काही पालक वर्ष-दोन वर्षे थांबतात. अनेक भाषांमुळे भाषादोष निर्माण होत नाही. बहुभाषिक मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. तरीही वर्षापर्यंत बडबड नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, हाकेला प्रतिसाद नाही किंवा येत असलेले शब्द नाहीसे होत आहेत, असे आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रथम श्रवणतपासणी करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात याविषयी विचारणा करता येते. श्रवणदोष जितका लवकर कळेल तितकी भाषा वाचवता येते. त्यासाठी गेलेले वर्ष परत मिळत नाही.

४.३ सारांश

मूल भाषेचे केवळ अनुकरण करीत नाही, तर ऐकलेल्या भाषेतून नियम शोधते. कूजन, बडबड, एकशब्दी, द्विशब्दी व प्रत्ययांचा टप्पा या क्रमाने त्याची भाषा विकसित होते. बाळबोली ही या प्रक्रियेला साहाय्यभूत अशी प्रौढांची बोली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मुले अनेक भाषांत वाढतात. त्यांचे भाषामिश्रण नियमबद्ध असते. घरातील एखादी भाषा बंद केल्याने दुसरी भाषा आपोआप सुधारत नाही, मात्र घरातील एखादा माणूस मुलापासून दूर जातो. भाषा उशिरा आल्यास बहुभाषिकतेला दोष न देता वेळेवर श्रवणतपासणी करावी.

४.४ पारिभाषिक शब्द

भाषासंपादन : मुलाने स्वाभाविकपणे भाषा आत्मसात करणे.
बाळबोली : प्रौढांनी लहान मुलांशी बोलताना वापरलेले भाषेचे विशेष रूप.
अतिसामान्यीकरण : नियम अपवादाच्या जागीही लावणे.
अंतःस्फोटक : हवा आत ओढून उच्चारले जाणारे व्यंजन.
भाषामिश्रण : एका वाक्यात दोन भाषांचे घटक येणे.
भाषापालट : व्यक्ती वा प्रसंगानुसार भाषा बदलणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. अयोग्य २. योग्य ३. योग्य
(आ) १. डॉ. अशोक रा. केळकर. २. धातू हिंदी, प्रत्यय मराठी.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. भाषासंपादनाचे टप्पे सोदाहरण स्पष्ट करा.
२. मराठी बाळबोलीची वैशिष्ट्ये लिहा व आपल्या घरातील दहा शब्दांचे वर्गीकरण करा.
३. 'मुलांच्या चुका ही प्रगतीची खूण आहे.' चर्चा करा.
४. टीपा लिहा : (अ) आपण आणि आम्ही (आ) भाषामिश्रण.

४.७ क्षेत्रीय कार्य

घरातील, नात्यातील किंवा शेजारच्या दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलाची, पालकांच्या अनुमतीने, एक महिना भाषा-नोंदवही ठेवा. दररोज किमान एक वाक्य तारीख, प्रसंग आणि ऐकणारी व्यक्ती यांसह, मूल बोलले तसेच लिहा. सुधारून लिहू नका. मुलाचे नाव नोंदवू नका. महिन्याअखेरीस त्यातील अतिसामान्यीकरण व भाषामिश्रणाची उदाहरणे निवडून विश्लेषण करा आणि संपर्कसत्रात सादर करा. मूल आपलेच असेल, तर ही वही सत्रानंतरही जपून ठेवावी. चार-सहा महिन्यांत 'येला'चे 'आला' होईल आणि मग मूल 'येला' म्हणत होते, हे केवळ त्या वहीतच उरेल.